राऊटर सुरू होता होता पुन्हा बंद पडतो: दोष अडॅप्टरचा, बोर्डाचा की फर्मवेअरचा?

वाईकर मुक्ता

नमस्कार. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात एक साधा वायफाय राऊटर आहे. तो सहा वर्षे जुना आहे, त्याच्या हमीची मुदत केव्हाच संपली आहे आणि अडॅप्टरवर १२ व्होल्ट, १.५ अँपिअर असे छापलेले आहे. गेल्या हिवाळ्यापासून तो सकाळी लवकर सुरू होईनासा झाला. वीज दिली की समोरचे सगळे दिवे एकदम लागतात, मग फक्त पॉवरचा दिवा उरतो आणि अर्ध्या मिनिटाच्या आत पुन्हा सगळे दिवे एकदम लागतात. थोडा वेळ तसाच चालू ठेवला की तो मार्गी लागायचा आणि मग दिवसभर विनातक्रार चालायचा. आता पावसाळ्यात विजेची ये-जा वाढल्यापासून मात्र तो मार्गी लागतच नाही.

रीसेटचे बटण दहा सेकंद दाबून पाहिले, दुसऱ्या सॉकेटवर लावून पाहिले, काही फरक पडला नाही. अडॅप्टरची पिन मल्टिमीटरने तपासली तर १२.२ व्होल्ट येतात, म्हणजे अडॅप्टर ठीक आहे असे दिसते. दुरुस्तीच्या दुकानात ‘फर्मवेअर (राऊटरच्या आतले सॉफ्टवेअर) उडाले आहे, नवा घ्या’ असे सांगितले. नवा घ्यायला कार्यकारिणीची ना नाही, परंतु तो त्याच कपाटावर आणि त्याच इन्व्हर्टरवर बसणार असल्याने आधीचा का बिघडला हे कळल्याशिवाय खर्च करू नये असे सर्वांचे मत पडले. कोठून सुरुवात करावी, हे जाणकारांनी सांगावे.

ओहमकार

मुक्ताताई, लक्षणे नेमकी लिहिलीत म्हणून बरे झाले, कारण त्यांतली दोन फार बोलकी आहेत. एक म्हणजे थंड सकाळी न सुरू होणे आणि थोडा वेळ वीज मिळाल्यावर सुरू होणे. दुसरे म्हणजे हा त्रास एकाएकी न येता महिनोन्महिने वाढत जाणे. फर्मवेअर खराब झाले तर ते उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात सारखेच खराब असते. फ्लॅशमधली, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीतली, माहिती सकाळी बिघडलेली आणि दुपारी सुधारलेली असे सहसा होत नाही. ‘फर्मवेअर उडाले’ हे निदान हल्ली दुकानांत पूर्वीच्या ‘आयसी गेला’च्या जागी येऊन बसले आहे, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा.

आता १२.२ व्होल्टविषयी. पिन मोकळी असताना घेतलेले हे माप अडॅप्टर जिवंत आहे एवढेच सांगते, तो सशक्त आहे असे सांगत नाही. मल्टिमीटर अडॅप्टरकडून जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही. अडॅप्टरच्या आत, १२ व्होल्ट बाहेर पडतात त्या बाजूला, एक किंवा दोन इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज थोडा वेळ साठवणारे भाग) असतात, ते वर्षानुवर्षे उष्णतेत सुकत जातात आणि त्यांचा अंतर्गत रोध, म्हणजे ज्याला ईएसआर म्हणतात तो, वाढत जातो. अशा अडॅप्टरवर भार नसताना व्होल्टेज अगदी छापल्याबरहुकूम दिसते आणि भार टाकताच ते कोसळते किंवा त्यात मोठे तरंग उठतात. राऊटर सुरू होताना पहिल्या काही सेकंदांत फारसा भार नसतो. मग प्रोसेसर पूर्ण वेगाने धावू लागतो, पोर्ट जागे होतात आणि शेवटी वायफायचे प्रक्षेपण सुरू होते. या चढत्या पायऱ्यांपैकी एखाद्या पायरीवर व्होल्टेज खाली बसले की प्रोसेसर रीसेट होतो आणि पहिले पाढे पंचावन्न.

तेव्हा अडॅप्टर भाराखाली तपासा. मोटरसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट १० वॅटचा बल्ब गॅरेजमध्ये सहज मिळतो, तो सुमारे ०.८ अँपिअर घेतो. बल्ब जोडलेला असतानाच पिनवरचे व्होल्टेज मोजा. ११.४ च्या खाली गेले तर तो अडॅप्टर बाद समजावा. अडॅप्टर मात्र उघडू नका. त्याच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट एकदिश दाब असतो आणि वीज काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो.

चारकमानी

ओहमकारांशी सहमत, एक दुरुस्ती सुचवतो. बल्बची तार थंड असताना तिचा रोध फार कमी असतो, त्यामुळे जोडल्याक्षणी ती कितीतरी पट प्रवाह ओढते आणि काही चांगले अडॅप्टरसुद्धा स्वसंरक्षणासाठी बंद पडतात. मग चांगल्याला वाईट ठरवले जाते. त्याऐवजी २२ ओहमचे १० वॅटचे दोन सिमेंट रेझिस्टर समांतर जोडले तर १.१ अँपिअरच्या आसपास स्थिर भार मिळतो. ते चांगलेच तापतात, म्हणून फरशीवर ठेवून अर्धा-एक मिनिटच मोजावे. बल्बच वापरायचा असेल तर बल्ब आधी जोडून नंतर अडॅप्टर लावण्याऐवजी अडॅप्टर आधी चालू करावा, नंतर बल्ब जोडावा, आणि दोन-तीन सेकंदांनी स्थिरावलेले माप धरावे.

दुसरा मार्ग अधिक सोपा आहे. सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर पुष्कळदा १२ व्होल्टचाच असतो. त्यावरचे व्होल्टेज तंतोतंत तेच आहे, प्रवाह १.५ अँपिअर किंवा अधिक आहे आणि पिनच्या मधोमध धन असल्याचे चिन्ह दोन्हीकडे सारखे आहे, एवढे पाहून तो लावून बघावा. प्रवाहाचा आकडा जास्त असला तरी चालतो, व्होल्टेजचा मात्र चालत नाही. आणखी एक बारकावा: बाहेरून ५.५ मिलिमीटरच्या दिसणाऱ्या पिनांत आतले छिद्र २.१ आणि २.५ असे दोन प्रकारचे असते. २.५ चा प्लग २.१ च्या सॉकेटमध्ये बसतो, पण सैल बसतो, आणि हात लागला की राऊटर रीसेट होतो. हा दोष शोधताना लोक बोर्ड उघडून बसतात.

सोनकी

मला फर्मवेअरची शक्यता इतक्या लवकर सोडून द्यावी असे वाटत नाही. पावसाळ्यात वीज वारंवार गेली असे मुक्ताताई सांगतात. राऊटर सेटिंग लिहीत असताना नेमकी वीज गेली तर फ्लॅशमधला भाग अर्धवट राहू शकतो आणि मग असेच चक्र सुरू होते. बहुतेक राऊटरांत बूटलोडर (यंत्र सुरू करणारा पहिला छोटा प्रोग्रॅम) शाबूत असेल तर टीएफटीपीने (नेटवर्कवरून फाइल पाठवण्याच्या साध्या पद्धतीने) फर्मवेअर परत घालता येते. संगणकाला कंपनीने ठरवून दिलेला आयपी पत्ता द्यायचा, फाइलला ठरलेले नाव द्यायचे, रीसेट दाबून धरून राऊटर चालू करायचा. यात खर्च शून्य आहे. मग हे आधी का करून पाहू नये?

ओहमकार

कारण खर्च शून्य असला तरी जोखीम शून्य नाही. टीएफटीपीने फाइल आली की बूटलोडर आधी फ्लॅशचा तो भाग पुसतो आणि मग लिहितो. या मधल्या काळात व्होल्टेज बसले तर आज जे शाबूत असण्याची शक्यता आहे तेही जाईल. ज्या यंत्राचा वीजपुरवठा संशयास्पद आहे, त्याच्या फ्लॅशवर पुरवठा तपासल्याशिवाय काहीही लिहू नये, या एका गोष्टीबाबत मी हटवादी आहे. दुकानातून ‘पूर्ण मेलेले’ म्हणून येणारे बरेच राऊटर मुळात फक्त अशक्त अडॅप्टरचे बळी असतात. अपग्रेडच्या प्रयत्नात ते खरोखरीचे मरतात.

तुमचा मुद्दा तत्त्वतः योग्य आहे, सोनकी, फक्त त्याची पाळी नंतरची आहे.

वाईकर मुक्ता

सर्वांचे आभार. चारकमानींनी सांगितल्याप्रमाणे रेझिस्टर जोडून मोजले. मोकळ्या पिनवर १२.२ दाखवणारा अडॅप्टर भार टाकताच ८.४ व्होल्टवर आला आणि आकडा तेथेही स्थिर राहिना. घरच्या सेट-टॉप बॉक्सचा १२ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर त्याच भाराखाली ११.९ दाखवतो.

मात्र तो चांगला अडॅप्टर लावूनही राऊटर पूर्ण बरा झालेला नाही. आता तो पूर्वीपेक्षा पुढे जातो, वायफायचा दिवा क्षणभर लागतो, आणि मग पुन्हा सगळे दिवे एकदम पेटून पहिल्यापासून सुरुवात होते. दुपारी कधीकधी तो टिकतो, सकाळी नाही. म्हणजे अडॅप्टर दोषी होता, परंतु एकटा नव्हता, असे समजायचे का?

चारकमानी

तसेच समजा. हे दोन दोष बहुधा एकमेकांना धरून आलेले आहेत. अडॅप्टरमधले तरंग वाढले की ते गिळण्याचे काम राऊटरच्या बोर्डावर सॉकेटच्या लगत बसवलेल्या कपॅसिटरवर पडते. त्यातून सतत जास्त तरंगप्रवाह गेल्याने तो आतून तापतो आणि तोही लवकर सुकतो. एकाचे दुखणे दुसऱ्याला लागते ते असे.

खोके उघडण्याआधी बाहेरूनच तीन गोष्टी उरकून घ्या. सगळ्या नेटवर्कच्या तारा काढून फक्त वीज देऊन पाहा. पावसाळ्यात खांबावरून येणाऱ्या तांब्याच्या तारेतून विजेचा झटका येऊन एखादा पोर्ट आतून शॉर्ट झालेला असू शकतो. यूएसबीला पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क जोडलेली असेल तर ती काढा. आणि रीसेटचे व डब्ल्यूपीएसचे (वायफाय झटपट जोडण्याचे) बटण दाबल्यावर टिक् असा आवाज करून वर येते का ते बघा. आत अडकलेले बटण हा अत्यंत क्षुल्लक दोष आहे, पण त्यामुळे काही राऊटर प्रत्येक वेळी दुरुस्तीच्या अवस्थेत जाऊन बसतात आणि मालकाला वाटते की बोर्ड गेला.

मग उघडा. बोर्डावर कोठेही १२ व्होल्टपेक्षा जास्त दाब नसतो, त्यामुळे भीती बाळगण्याचे कारण नाही. सॉकेटजवळच्या उभ्या नळकांडीसारख्या कपॅसिटरचे डोके फुगलेले आहे का, तळाशी तपकिरी डाग आहे का, ते पाहा. मात्र डोके सपाट असले म्हणून तो निर्दोष ठरत नाही. सुकलेले कपॅसिटर पुष्कळदा दिसायला अगदी नवे असतात.

दूरसंचारी

मी शाखा-कार्यालयांचे राऊटर सांभाळण्याच्या कामात आहे, म्हणून थोडे वेगळ्या बाजूने लिहितो. दिव्यांवरून अंदाज बांधण्यापेक्षा राऊटर स्वतः काय म्हणतो ते ऐकणे केव्हाही चांगले. जवळजवळ प्रत्येक घरगुती राऊटरच्या बोर्डावर चार छिद्रांची किंवा पिनांची एक ओळ असते, ती सीरियल कन्सोलची, म्हणजे राऊटर सुरू होताना लिहीत असलेला मजकूर संगणकावर दाखवणाऱ्या जोडणीची. त्यासाठी ३.३ व्होल्टची यूएसबी-टीटीएल जोडणी लागते; सीपी२१०२ किंवा सीएच३४० या चिपांवरची स्वस्तात मिळते. चारपैकी जमिनीची (ग्राउंडची) पिन शोधण्यासाठी मल्टिमीटरची एक टोकणी लॅन पोर्टच्या धातूच्या आवरणाला लावावी, जी पिन वाजेल ती जमीन. वीज दिल्यावर जी पिन ३.३ व्होल्टवर ढिम्म राहते ती पुरवठ्याची, तिला हात लावू नये. सुरू होताना जिचे माप हलते ती राऊटरची बोलण्याची पिन, उरलेली ऐकण्याची. राऊटरची बोलण्याची पिन जोडणीच्या ऐकण्याच्या पिनेला आणि उलट, शिवाय जमीन जमिनीला, एवढ्या तीनच तारा जोडाव्यात. वेग बहुधा ११५२०० असतो, काही जुन्या बोर्डांवर ५७६००. वेग चुकला तर पडद्यावर कचरा दिसतो, आणि कचरा दिसणे हीसुद्धा चांगली बातमी आहे, कारण प्रोसेसर जिवंत आहे एवढे त्यातून कळते.

आता लॉग, म्हणजे राऊटरने ओळीओळीने लिहिलेली नोंद, कसा वाचावा. बूटलोडर, म्हणजे बहुतेक ठिकाणी यू-बूट, आधी स्वतःचे नाव आणि आवृत्ती सांगतो, मग रॅम किती आणि फ्लॅश किती ते सांगतो, मग कर्नल (कार्यप्रणालीचा गाभा) उलगडतो आणि त्याच्या हाती सूत्रे देतो. एकही अक्षर आले नाही तर पुरवठा, क्रिस्टल (प्रोसेसरला ताल देणारा भाग), प्रोसेसर किंवा बूटलोडरच गेलेला आहे. रॅमच्या ओळीपाशीच अडकला तर रॅम किंवा तिचे सांधे. चेकसम (प्रत शाबूत असल्याचा पडताळा-आकडा) जुळत नाही किंवा कर्नल उलगडताना एलझेडएमएची (फाइल आकसून ठेवण्याच्या पद्धतीची) चूक अशी ओळ आली तर फ्लॅशमधली प्रत बिघडली आहे, क्वचित रॅमही तसे भासवते. ‘कर्नल पॅनिक’, म्हणजे कर्नलने चूक नोंदवून हात टेकल्याची ओळ, आली तर बहुधा सोनकी यांचे म्हणणे खरे.

आणि सर्वांत उपयोगी खूण ही: लॉग एखाद्या वाक्याच्या मध्येच तुटला, कोणतीही तक्रार न नोंदवता, आणि लगेच दुसऱ्या क्षणी यू-बूटचे नाव पुन्हा आले, तर पुरवठा बसला. लॉग थांबला, बराच वेळ शांतता राहिली आणि मग यू-बूट आला, तर यंत्र गोठले आणि राखणदार घड्याळाने, म्हणजे वॉचडॉगने, त्याला उठवले. या दोहोंतला फरक दिव्यांवरून कधीच कळणार नाही.

एक सावधगिरी: सिस्कोसारख्या व्यावसायिक राऊटरांचा आरजे-४५ कन्सोल आरएस-२३२ पातळीचा, म्हणजे बऱ्याच जास्त व्होल्टेजचा, असतो आणि वेग साधारण ९६०० असतो. त्याला वरची टीटीएल जोडणी थेट लावू नये, जळेल.

सोनकी

विषय निघालाच आहे म्हणून विचारते. मोठ्या कार्यालयांतले राऊटर वर्षानुवर्षे बंदच होत नाहीत आणि एकदा नियोजित देखभालीसाठी बंद केले की परत उठत नाहीत, असे ऐकले आहे. तेही कपॅसिटरमुळेच का?

दूरसंचारी

काही वेळा होय, पण दोन गाजलेली प्रकरणे वेगळी होती. सिस्कोने २०१४ मध्ये जाहीर केले की २००५ ते २०१० या काळात एका पुरवठादाराने बनवलेल्या मेमरी भागांत दोष असून, चालू असलेले यंत्र वीज बंद करून पुन्हा चालू केल्यावर सुरू न होण्याची शक्यता आहे. दुसरे प्रकरण २०१७ चे. इंटेलच्या अ‍ॅटम सी२००० या प्रोसेसर-मालिकेतला एलपीसी घड्याळाचा (इतर चिपांशी बोलताना ताल देणारा) संकेत कालांतराने बंद पडू शकतो, असे इंटेलने आपल्या दोषसूचीत एव्हीआर५४ या क्रमांकाखाली नोंदवले. हे प्रोसेसर अनेक कंपन्यांच्या नेटवर्क आणि साठवण उपकरणांत होते. सिस्कोने आयएसआर ४३३१ सारख्या राऊटरांसाठी निवेदन काढले, त्यात साधारण १८ महिन्यांच्या वापरानंतर बिघाडाची शक्यता वाढते आणि एकदा बिघाड झाला की यंत्र पुन्हा सुरू होत नाही असे स्पष्ट लिहिले होते. त्या घड्याळाच्या वाहिनीवर एक रेझिस्टर जोडून हौशी लोकांनी आपापली मेलेली उपकरणे उठवली, तो वेगळा इतिहास आहे.

तेथेही निदानाची रीत हीच. कन्सोलवर रॉममॉनचा (सिस्कोच्या बूटलोडरचा) संकेत दिसला तर हार्डवेअर बहुतांशी धडधाकट आहे आणि आयओएसची (सिस्कोच्या कार्यप्रणालीची) फाइल किंवा कॉन्फिगरेशन रजिस्टर (सुरू होताना काय करायचे ते ठरवणारा आकडा) पाहावे. ते रजिस्टर सामान्यतः ०x२१०२ असायला हवे. कन्सोल पूर्ण मुका असेल तर पुढची चर्चा हार्डवेअरची.

घरगुती राऊटरकडे परत येऊ या. मुक्ताताई, लॉग मिळाला की इथे मांडा.

वाईकर मुक्ता

माझा भाचा इलेक्ट्रॉनिक्सच्या पदविकेला आहे, त्याने पिना जोडून दिल्या. सेट-टॉप बॉक्सच्या अडॅप्टरवर घेतलेल्या लॉगचा गोषवारा असा आहे. यू-बूट येतो, रॅम ६४ एमबी आणि फ्लॅश ८ एमबी असे सांगतो, कर्नल विनातक्रार उलगडतो, चेकसम जुळतो. मग पोर्ट जागे होतात, वायफायचा ड्रायव्हर चढतो, आणि त्यानंतर एक-दोन ओळींतच अक्षरे मध्येच तुटून यू-बूटचे नाव पुन्हा उमटते. मध्ये शांतता अजिबात नसते. ‘पॅनिक’ हा शब्द कोठेही नाही. जुना अडॅप्टर लावला तर लॉग याहून बराच आधी, पोर्ट जागे होण्याच्या सुमारास तुटतो.

भाच्याने यू-बूटच्या उलट्या मोजणीत कळ दाबून राऊटर तेथेच थांबवून ठेवला. त्या अवस्थेत तो दुपारभर न हलता राहिला.

वायफाय सुरू होताना विजेचा भार वाढतो म्हणून पुरवठा बसतो, असा अर्थ मी लावते. पण दर वेळी एकाच ठिकाणी तुटतो म्हणजे ड्रायव्हरच सदोष, असेही कोणी म्हणू शकेल. या दोहोंत निवाडा कसा करायचा?

सोनकी

ते मीच म्हणणार होते. रेडिओची कॅलिब्रेशनची (कारखान्यात केलेल्या जुळणीची) माहिती फ्लॅशच्या वेगळ्या भागात असते, ती बिघडली तर ड्रायव्हर नेमका तेथेच अडखळेल.

चारकमानी

अडखळेल, पण अडखळल्याची नोंद करून अडखळेल. ड्रायव्हरला माहिती चुकीची मिळाली तर तो तसे लिहितो आणि वायफाय बंद ठेवून पुढे जातो, किंवा पॅनिक होतो. शब्दाच्या मध्यावर जीभ तुटत नाही. तरीही तर्कावर न थांबता चाचणी करू या, कारण ती सोपी आहे.

बोर्डावरचा सॉकेटलगतचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर पाहा. त्यावर छापलेले आकडे वाचा, तेवढ्याच किंवा थोड्या जास्त मायक्रोफॅरडचा (साठवणक्षमतेचा) आणि तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचा एक नवा, १०५ अंश सेल्सिअसपर्यंत चालणारा, कमी ईएसआरचा कपॅसिटर आणा. जुना काढू नका. वीज बंद असताना बोर्डाच्या पाठच्या बाजूने जुन्याच्याच पायांवर नवा तात्पुरता सोल्डर करा. ऋण पट्टा ऋणाकडेच येईल याची दोनदा खात्री करा, उलटा लागला तर तो फुटतो. मग सकाळच्या थंड वेळी वीज द्या. राऊटर सरळ सुरू झाला तर निवाडा झाला. सॉफ्टवेअरला बोर्डाच्या पाठीवर काय चिकटवले आहे याचा पत्ता नसतो.

या कपॅसिटरचे काम गच्चीवरच्या टाकीसारखे आहे: नळाला धार बारीक असली तरी घरात एकदम दोन तोट्या सोडल्या की टाकी वेळ निभावून नेते. वायफायचे प्रक्षेपण प्रवाह सलग घेत नाही, झटक्यांनी घेते, म्हणून तेथेच उणीव उघडी पडते.

ओहमकार

यात थोडी भर. कपॅसिटर मिळाला नाही तोवर केसांच्या ड्रायरने फक्त त्या कपॅसिटरवर मिनिटभर कोमट हवा सोडून राऊटर चालू करून पाहता येईल. सुकत आलेल्या इलेक्ट्रोलिटिकचा ईएसआर उबेने कमी होतो. हा पुरावा दुय्यम आहे, कारण ऊब शेजारच्या चिपांना आणि त्यांच्या कच्च्या सांध्यांनाही लागते, पण दिशा कळते. पुण्यात कोणी येणार असेल तर तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला असे कपॅसिटर सुटे मिळतात. नामांकित बनावटीचाच मागा. जुन्या बोर्डावरून काढून चकाकवलेले मालही बाजारात फिरतात.

वाईकर मुक्ता

निवाडा झाला. जुन्या कपॅसिटरवर ४७० मायक्रोफॅरड, १६ व्होल्ट असे होते. पुण्याहून ४७० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा मागवला आणि सांगितल्याप्रमाणे पाठीमागून जोडला. सकाळी, वाचनालय उघडण्याच्या वेळी वीज दिली तेव्हा राऊटर पहिल्याच फेरीत वायफायसह सुरू झाला आणि लॉग न तुटता शेवटपर्यंत गेला. नंतर भाच्याने जुना काढून महाविद्यालयातल्या मापकावर तपासला. त्याची धारिता ९० मायक्रोफॅरडच्या आसपास उरली होती आणि ईएसआर कित्येक ओहम होता, नव्याचा मात्र ओहमचा अगदी लहानसा अंश. डोके मात्र जुन्याचे पूर्ण सपाट होते. आता नवा कायमचा बसवला आहे आणि १२ व्होल्ट २ अँपिअरचा नवा अडॅप्टरही घेतला आहे.

फर्मवेअरला कोणीही हात लावलेला नाही.

दोन प्रश्न उरतात. नव्या कपॅसिटरचे आयुष्य किती धरावे? आणि राऊटरसाठी मिळणारी छोटी यूपीएस घेतली तर इन्व्हर्टरपेक्षा बरे पडेल का?

ओहमकार

आयुष्याचा हिशेब ढोबळमानाने करता येतो. अशा कपॅसिटरवर बहुधा १०५ अंशांना २००० तास असे आयुष्य दिलेले असते, आणि तापमान दर १० अंशांनी उतरले की ते दुप्पट होते असा सर्वमान्य आडाखा आहे. बंद कपाटावर, छताखाली, धुळीत बसलेल्या राऊटरच्या आत कपॅसिटर ६५ अंशांवर असेल तर आयुष्य चार वेळा दुप्पट होऊन ३२,००० तास, म्हणजे अखंड वापरात साडेतीन वर्षांहून थोडे अधिक. तोच राऊटर भिंतीवर मोकळ्या हवेत लावून ५५ अंशांवर आणला तर ६४,००० तास, म्हणजे सात वर्षांच्या पुढे. तुमचा वाचनालयाच्या वेळेपुरताच चालू असेल तर याहून जास्त. ५००० तासांचा कपॅसिटर मिळाला असता तर आणखी बरे झाले असते, किमतीत फरक काही रुपयांचाच असतो. तेव्हा कपाटावरून तो आधी खाली घ्या.

दूरसंचारी

यूपीएसबद्दल: काही स्वस्त नमुन्यांत तीन लिथियम सेलचा दाब जसाच्या तसा बाहेर दिला जातो. तो भरलेल्या अवस्थेत १२.६ व्होल्ट असतो आणि सेल रिकामे होत आले की ९ च्या आसपास उतरतो. १२ व्होल्टचा राऊटर त्या शेवटच्या टप्प्यात पुन्हा असेच चक्र सुरू करील आणि तुम्हाला वाटेल की जुने दुखणे परत आले. नियंत्रित १२ व्होल्ट देणारा नमुना घ्या आणि त्याचीही परीक्षा त्याच दोन सिमेंट रेझिस्टरांवर, बॅटरी उतरेपर्यंत, थोड्या थोड्या वेळाने माप घेत करा. इन्व्हर्टर आधीच आहे आणि तो अदलाबदलीच्या क्षणी राऊटरला धक्का लागू देत नसेल, तर वेगळ्या यूपीएसचा खर्च मला अनावश्यक वाटतो.

सोनकी

फर्मवेअरचा माझा आग्रह मागे घेते, पण एक विनंती आहे. आता पुरवठा ठीक असताना फ्लॅशची पूर्ण प्रत काढून ठेवावी.

चारकमानी

अवश्य काढावी, आणि तिच्यावर त्याच राऊटरचा अनुक्रमांक लिहून ठेवावा. कॅलिब्रेशनचा भाग प्रत्येक नगाचा वेगळा असतो, त्यातच मॅक पत्तेही (नेटवर्कवर यंत्र ओळखण्याचे स्वतंत्र क्रमांक) असतात. उद्या कोणी त्याच नमुन्याच्या दुसऱ्या राऊटरची पूर्ण प्रत यात घातली तर तो सुरू होईल, पण वायफायचा पल्ला घटेल आणि एका जाळ्यात एकाच पत्त्याची दोन यंत्रे होतील.

जुना अडॅप्टर ई-कचऱ्यात देण्याआधी त्याची वायर कापून टाका, ताई. नाहीतर मोकळ्या पिनवर १२.२ दाखवतो म्हणून तो कोणीतरी पुन्हा कपाटातून काढून लावील.